नोव्हेंबरातला नाताळ

हॅडलबीतल्या ‘सी व्ह्यू’ हॉटेलातून समुद्र दिसत नाही. रस्त्यापलीकडे काँक्रीटची उंच भिंत आहे, मागे एकदा पाणी गावात घुसलं त्यानंतर बांधलेली, आणि समुद्र तिच्या पलीकडे. नवं गिऱ्हाईक कुरकुरलंच तर ऑड्री पिकरिंग म्हणायची, "समुद्र कुठं पळून जातोय? पायऱ्या चढा, बघून या. तोवर चहा टाकते." माणसं भिंतीवर जायची, जरा वेळ वारा खायची आणि निमूट चहाला परत यायची. हॅडलबीत यापेक्षा जास्त काही घडत नसे, आणि येणाऱ्यांनाही तेच हवं असे.

ऑड्री इथं आली ती सतराव्या वर्षी, एका उन्हाळ्यापुरती, जेवणघरात ताटं उचलायला. मालकांचा लेनर्ड तिच्या मागे लागला, तिनंही फार आढेवेढे घेतले नाहीत, आणि तो एक उन्हाळा चांगला चाळीस वर्षं लांबला. लेनर्ड मात्र तेवढा टिकला नाही. धक्क्यावर बिंगोचे आकडे पुकारणारी एक बाई होती, तिच्याबरोबर तो स्पेनला गेला तो गेलाच. गावाची निम्मी गिऱ्हाइकंही त्याच सुमारास उन्हासाठी स्पेनला जायला लागली होती. ऑड्री म्हणायची, "नवरा आणि धंदा एकाच विमानानं गेले. रडायचं कुणासाठी तेच कळेना." मूलबाळ नव्हतं. गळक्या छपरासकट हॉटेल होतं, आणि डेस नावाचा स्वयंपाकी होता, जो रोज नोकरी सोडायची धमकी देत वर्षानुवर्षं टिकला होता.

बाई तशी तोंडाची फटकळ, पण कुणाला ओशाळं झालेलं तिला बघवत नसे. एकदा एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या हातून सूपची वाटी टेबलावर उपडी झाली. सगळं जेवणघर वळून बघायला लागलं. ऑड्री चहाची किटली घेऊन चालली होती. तिनं शेजारच्या टेबलाशी ठेच लागल्याचं सोंग केलं आणि अर्धी किटली फरशीवर ओतली. "आज सगळ्यांच्याच हातांना काय झालंय कोण जाणे!" पाद्री हसला, सगळे हसले, आणि आतून डेस ओरडला, "फरशी मी पुसणार नाही हां, आधीच सांगतो!" हॉटेल चालवणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं. माणसाची फजिती झाली तर ती झालीच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

नोव्हेंबरातला नाताळ ही काही तिची कल्पना नव्हे, त्या किनाऱ्यावरच्या सगळ्याच हॉटेलांनी ती उचलली होती. हिवाळ्यात खोल्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा नाताळच आधी आणलेला बरा. सोमवारी म्हाताऱ्यांनी भरलेली बस यायची. सोमवारची रात्र म्हणजे नाताळची आदली रात्र, मंगळवारी नाताळ, बुधवार विश्रांतीचा, गुरुवारी वर्षअखेरचा नाच, आणि शुक्रवारी सकाळी बॅगा घेऊन घरी. पुढच्या सोमवारी नवी बस, पुन्हा तीच टर्की आणि तोच डेस पांढरी दाढी लावून भेटी वाटायला हजर. येणाऱ्यांना यात काही विचित्र वाटत नसे. खऱ्या नाताळला मुलं येतील का नाही याचा भरवसा नसलेली माणसं ती. त्यांनी एक नाताळ आधीच आपल्या गाठीला बांधून ठेवलेला असे.

ऑड्रीनं त्यात एक भर घातली होती. सोमवारी बस दारात लागली की कुणी ‘नोव्हेंबर’ म्हणायचं नाही. चुकून म्हटलं की सगळं जेवणघर ओरडायचं, "डबा! डबा!" आणि बोलणाऱ्यानं, बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या लाइफबोटीच्या मदतीच्या डब्यात एक नाणं टाकायचं. म्हाताऱ्यांना हा खेळ भलताच आवडे. एकमेकांना बोलण्यात गुंतवून तो शब्द तोंडून काढायला लावण्यात त्यांची अख्खी दुपार जाई.

होल्रॉइड नवरा-बायको रॉदरमहून दर वर्षी पहिल्याच बसनं यायचे. आर्थरनं जन्मभर गावातली बस चालवली होती, नोरा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एकुलती एक मुलगी, गिलियन, लग्न करून न्यूझीलंडला गेलेली. ती नाताळला न चुकता फोन करायची. तो फोन म्हणजे आर्थरचा नाताळ. बाकी टर्की-बिर्की त्याच्या खिजगणतीत नसे.

त्या वर्षी बसमधून उतरताच ऑड्रीच्या लक्षात आलं की नोरा त्याचा हात सोडत नाही. चहात साखर किती हे त्याला विचारलं तर उत्तर नोरा देई. तो बोलता बोलता अडला की त्याचं वाक्य ती पुरं करी, आणि इतक्या सफाईनं की अडल्याचं कळूही नये.

"काय मिसेस होल्रॉइड, कसे आहात दोघं?"

"मजेत. तक्रारीला जागा नाही बघ."

तक्रारीला जागा नाही म्हटल्यावर हॅडलबीत पुढचा प्रश्न विचारत नाहीत. ऑड्रीनंही विचारला नाही. किल्ली दिली आणि जिन्यावरचा गालिचा जरा सुटलाय, सांभाळा, एवढं म्हणाली.

मंगळवारी दुपारी जेवणं रंगात आली होती. कागदी फटाके ओढून फोडून झाले होते, त्यांतून निघालेले रंगीत कागदाचे मुकुट सगळ्यांच्या डोक्यांवर चढले होते. आर्थरच्या डोक्यावर जांभळा होता. त्यानं एकदम काटा खाली ठेवला.

"नोरा, गिलियनचा फोन आला?"

"नाही रे, आज नाही यायचा."

"आज नाही तर कधी? नाताळ आहे आज."

नोरानं आवाज खाली आणला. "आर्थर, हा खरा नाताळ नव्हे. आपण दर वर्षी येतो ना गमतीला? अजून नोव्हेंबर चाललाय."

शेजारच्या टेबलावरच्या बाईचे कान तिखट. "डबा!" ती ओरडली, आणि मग सगळं जेवणघर चमचे आपटत ओरडायला लागलं, "डबा! डबा!" आर्थर सगळ्यांत मोठ्यानं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "टाक, टाक नाणं! मला येड्यात काढत होती!" कुणीतरी डबा पुढे सरकवला. नोरानं पर्स उघडली, चेहरा हसरा ठेवला आणि नाणं टाकलं. पर्स मिटायची मात्र ती विसरली, हे ऑड्रीला दिसलं.

ऑड्रीनं त्याच वेळी थांबवायला हवं होतं. पण काय म्हणून थांबवणार? सगळ्यांदेखत ‘यांना खरंच कळत नाहीये’ म्हणणार? तिच्या जिभेला ते वळणच नव्हतं. ती हसली आणि पुडिंग आणायला आत गेली.

तीन वाजता तिनं दिवाणखान्यात राणीच्या मागच्या वर्षीच्या नाताळच्या भाषणाची टेप लावली. दर वर्षीचा रिवाज होता तो. सगळे पेंगत होते, आर्थर तेवढा ताठ बसून ऐकत होता. भाषण संपल्यावर तो उठला, फोन होता त्या पुढच्या दालनात गेला आणि फोनशेजारच्या खुर्चीत मुकुटासकट बसला. नोरा मिनतवाऱ्या करून थकली. "डोकं दुखतंय, जरा पडते," म्हणून वर गेली. जिन्यात तिनं भिंतीला हात टेकला, आणि ऑड्रीनं नजर दुसरीकडे वळवली.

"बाईसाहेब, म्हाताऱ्याला सरळ सांगून टाका," डेस म्हणाला. त्याची दाढी गळ्यात लोंबत होती.

"तू सांग की. मोठा आलाय."

डेस गेला. लगेच परतही आला. "मला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. वर चॉकलेट दिलं. कसं सांगणार हो? समोर झाड, माझी ही दाढी, घरभर टर्कीचा वास. मलाच खरं वाटायला लागलं."

बाहेर अंधारून आलं. इतरांचा चहा झाला, पत्ते मांडले गेले. आर्थर फोनजवळच. ऑड्रीनं त्याला तिथंच चहा दिला.

"उशीर झाला नाही हो तिला?" तो म्हणाला. "कधी असं करत नाही पोरगी."

"तुम्हीच करा ना फोन. नंबर आहे?"

"पाठ आहे." त्यानं तो लांबलचक नंबर एका दमात, एकही आकडा न अडखळता म्हणून दाखवला. "पण नाताळचा फोन तीच करते. आपण केला तर तिला वाटेल, काहीतरी झालंय."

एवढं ज्याला कळत होतं, त्याला महिना कळत नव्हता. जांभळा कागद त्याच्या कपाळावर घामानं भिजून चिकटला होता, आणि बाजूनं कुणी गेलं की तो उगाच हसायचा, वाट बघताना पकडलं गेल्यासारखा. तिला ते सहन होईना. नोराला विचारायला हवं होतं, तिनं विचारलं नाही. ऑफिसात गेली, दार लावलं आणि आतल्या फोनवरून तो नंबर फिरवला.

तिकडे अजून उजाडायचं होतं. "काय झालं बाबांना?" गिलियनचा पहिला शब्द.

"काही नाही झालं, ते ठीक आहेत. मी हॅडलबीहून बोलतेय, सी व्ह्यू हॉटेल. म्हणजे… ठीक म्हणजे…" ऑड्री आयुष्यात एवढी कधी अडखळली नव्हती. "त्यांना वाटतंय आज नाताळ आहे. तुमच्या फोनसाठी बसून आहेत. तुम्ही नुसतं शुभेच्छा म्हणालात तर…"

पलीकडे दिव्याचं बटण वाजलं. मग, "पण इथं तर आज…"

"हो, माहीत आहे."

"आई म्हणते बाबा बागेत काम करतात. टोमॅटो लावलेत म्हणे. हे कधीपासून चाललंय?"

"ते तुम्ही आईंनाच विचारा."

"आईनं मला काहीच सांगितलं नाही हो," गिलियन म्हणाली, आणि रडायला लागली. फोन कानाला धरून ऑड्री तशीच उभी राहिली. तिला एक सोय करायची होती, आणि हे होऊन बसलं होतं.

थोड्या वेळानं दालनातला फोन वाजला. आर्थरनं झडप घातली. "गिलियन! नाताळच्या शुभेच्छा गं पोरी! तिकडं कडक ऊन असेल! आमचं जेवण? झालं की, टर्की जरा चामट होती. आवाज असा का तुझा? सर्दी? भर उन्हाळ्यात सर्दी?" आवाज ऐकून पत्तेवाले टाळ्या वाजवायला लागले. नोरा जिन्यावरून धावत खाली आली. आर्थरनं फोन तिच्या हातात कोंबला. ती फक्त म्हणत होती, "हो… हो… नाही गं, तसं काही नाही… सांगणारच होते… हो."

फोन ठेवून ती ऑड्रीकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू चांगल्यासाठीच केलंस," ती म्हणाली. "आभारी आहे हं." शुक्रवारी जाताना होल्रॉइड पुढच्या वर्षीची खोली सांगून जात असत. या वेळी नोरानं किल्ली टेबलावर ठेवली आणि बसमध्ये जाऊन बसली.

पुढच्या बस आल्या आणि गेल्या. डिसेंबर निम्मा होताच ऑड्रीनं नाताळचं झाड सुटं करून माळ्यावर टाकलं, माळा काढल्या आणि हॉटेलला कुलूप घातलं. खऱ्या नाताळला गावभर दिवे लागत तेव्हा सी व्ह्यू ओकंबोकं असे. भाजलेल्या पावावर उकडलेलं अंडं आणि गरम पाण्यात पाय, हा ऑड्रीचा सण. "एवढे नाताळ घातले लोकांना," ती डेसला म्हणायची, "आता एक माझा, काहीच न करण्याचा." या वेळी मात्र तिला तीही चैन मिळाली नाही. रॉदरमला फोन करावा असं तिच्या मनात रोज येई आणि रोज हात मागे येई.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर नोरा होती, आर्थर होता, आणि त्याला आधार द्यायला पन्नाशीची, उन्हानं रापलेली एक बाई. तिच्या अंगातला कोट हॅडलबीच्या वाऱ्याला पुरणारा नव्हता.

"मी गिलियन. बंद असेल माहीत होतं, पण बाबांना इथं कायम बरं वाटायचं. म्हटलं, इथं आल्यावर कदाचित…"

"या, या, आत या," ऑड्री म्हणाली.

आर्थरनं दालनात सगळीकडे पाहिलं. झाड नाही, माळा नाहीत. "बघ नोरा, मी काय म्हणत होतो? संपला नाताळ कधीच. ही मंडळी उगाच घरात पुन्हा मांडून बसलीत." आणि तो फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.

गिलियन ऑड्रीच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. कपबश्या काढायला लागली, न सांगता.

"मी आल्यापासून मला बाई म्हणतात. चहा छान करता हो बाई, म्हणतात. मी म्हटलं, बाबा, मी गिलियन. तर म्हणाले, योगायोग बघा, माझ्या मुलीचंही नाव तेच."

ऑड्रीनं किटली घासायला घेतली. ती स्वच्छच होती. "चूक माझी झाली. आईंना न विचारता तुम्हाला फोन…"

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी आलेच नसते." गिलियननं बश्यांवर कप ठेवले. "आईला इथं सोडून परत कशी जाऊ ते मला सांगा. आणि तिकडं मुलांना सोडून इथं कशी राहू? काय करू मी?"

साखर किती, एवढंच ऑड्रीनं विचारलं.

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. आर्थरनं ऑड्रीला जवळ बोलावलं. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत होतं, पण कानानं तो अधू, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "ही बाई चांगली आहे हो. कामाला वाघ आहे. पण घरी जायचं नावच घेत नाही. सणासुदीचे दिवस, तिचेही आई-बाप वाट बघत असतील की नाही? तुम्ही जरा समजावा."

नोरा मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. गिलियननं हातातला ट्रे टेबलावर ठेवला, अगदी हळू.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "जाते मी." आणि कोट न घालताच बाहेर पडली.

मोकळ्या हवेत रडून येईल, ऑड्रीला वाटलं. मागे जावं की नोराजवळ बसावं, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात फोन वाजला. बंद हॉटेलात, ऐन सुट्टीत कोण? तिनं सवयीनं उचलला. "सी व्ह्यू हॉटेल."

"बाबांना द्या जरा."

ऑड्रीनं खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे, भिंतीच्या पायाशी टेलिफोनचा लाल बूथ होता. त्याच्या काचेआड गिलियन उभी होती, फोन दोन्ही हातांनी धरून. ऑड्रीला वाटलं, नाही म्हणावं, आत या म्हणावं. पण आत आल्यावर ती पुन्हा बाईच होणार होती.

"मिस्टर होल्रॉइड, तुमचा फोन."

"माझा?" त्यानं फोन कानाला लावला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. असा चेहरा त्या दिवशी कुणीच पाहिला नव्हता. "गिलियन! अगं, इथं कसं शोधलंस आम्हाला? नोरा, बघ, हिनं इथंही शोधून काढलं! … हो, हो, मजेत. तक्रारीला जागा नाही. … तिकडं हवा कशी? … थंडी? या दिवसांत? कोट घाल की मग. लहानपणापासून तेच, कोट घालायला नको. … ऐक, एकदा ये गं. तुझी आई थकलीय. मी ठणठणीत आहे, पण तिला वाटतं, तू यावंस. … येतेस? कधी? … बरं, बरं, जमेल तेव्हा ये. आम्ही कुठं जातोय."

बूथमध्ये गिलियननं कपाळ काचेला टेकवलं होतं. नोरा खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. ना ती हाक मारू शकत होती, ना दार उघडू. ऑड्री हातात चहाचा कप घेऊन नोरा आणि आर्थरच्या मध्ये उभी होती, आणि चहा गार होत होता.

"गेला," आर्थर फोनकडे बघत म्हणाला. "लांबचा फोन ना. नाणी खातो नुसता." त्यानं तो जपून खाली ठेवला.

दार उघडलं. वाऱ्याबरोबर गिलियन आत आली. नाक, बोटं लाल झालेली. तिला पाहून आर्थर खुर्चीचे हात धरून कष्टानं उठला, पाहुण्यासमोर उठावं तसा, आणि त्यानं आपली जागा तिला मोकळी करून दिली.

"या बाई, बसा इथं," तो म्हणाला. "किती गारठलात. आत्ताच माझ्या मुलीचा फोन येऊन गेला. जरा आधी आला असतात तर गाठ घालून दिली असती."